तक्रार केंद्रात ‘शेजारी लाइट आहे का?’ असं का विचारतात?

नमस्कार मंडळी.

लाइट जाते. आपण अंधारात चाचपडत तक्रार केंद्राला फोन लावतो आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, “शेजारी लाइट आहे का?” मला कित्येक वर्षं या प्रश्नाचा राग यायचा. बिल मी भरायचं आणि माहितीही मीच द्यायची? मग कळलं, की फोनवरचा माणूस टाळाटाळ करत नसतो. त्याला खरंच माहीत नसतं. तुमच्या घरी अंधार झालाय हे तुम्ही सांगेपर्यंत त्याच्या यंत्रणेत कुठेच दिसत नाही. आज स्मार्ट ग्रिडबद्दल, म्हणजे स्वतःची खबर स्वतःच देणाऱ्या वीजजाळ्याबद्दल बोलायचंय आणि सुरुवात याच प्रश्नापासून करायचीय.

आधी वीज घरापर्यंत कशी येते ते बघू. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. कंपनी कुठलीही असो, मांडणी साधारण सारखीच. शहरात आलेली वीज घेणाऱ्या मोठ्या केंद्रातून, म्हणजे रिसीव्हिंग स्टेशनमधून, 11 हजार व्होल्टची केबल निघते, तिला फीडर म्हणतात. मुंबईत ती बहुतेक जमिनीखालूनच जाते. एका सबस्टेशनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, माळ ओवल्यासारखी. सोसायटीच्या कोपऱ्यात कवटीचं चित्र लावलेली, घूं घूं आवाज करणारी खोली असते ना, ते सबस्टेशन. तिथला ट्रान्सफॉर्मर 11 हजारांचे 415 व्होल्ट करतो. पुढे रस्त्याकडेच्या पिलरमधून, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीतून, ती तीन फेजमध्ये, म्हणजे तीन वेगळ्या तारांवर, आपल्या मीटर रूममध्ये येते आणि घरात त्यातल्या एका फेजवर 230 व्होल्ट मिळतात.

(पडद्यावर माळेची आकृती)

आता हे नीट बघा. या माळेला दोन्ही टोकांकडून वीज देता येते. पण मध्ये एका ठिकाणी स्विच मुद्दाम ऑफ ठेवतात, म्हणजे अर्धी माळ इकडून चालते, अर्धी तिकडून. केबल कुठे बिघडली, तर तेवढा तुकडा दोन्ही बाजूंनी तोडायचा, मधला स्विच ऑन करायचा, आणि बाकी सगळ्यांना दुसऱ्या बाजूने लाइट द्यायची. सोय आधीपासूनच आहे! वेळ जातो तो बिघडलेला तुकडा शोधण्यात.

जुन्या पद्धतीत फीडर ट्रिप झाला, म्हणजे बिघाडामुळे आपोआप बंद पडला, की गाडी निघते. मधल्या एखाद्या सबस्टेशनला जायचं, कुलूप उघडायचं, माळ तिथे तोडायची आणि अर्धा भाग चालू करून बघायचा. पुन्हा ट्रिप झाला, तर फॉल्ट, म्हणजे बिघाड, याच अर्ध्यात. मग त्याचे पुन्हा दोन भाग. प्रत्येक वेळी गाडी, ट्रॅफिक, पाऊस, सबस्टेशनच्या दारात लावलेली कुणाची तरी बाइक. आणि प्रत्येक चुकीच्या प्रयत्नात आधीच दुखावलेल्या केबलला आणखी एक दणका.

स्मार्ट म्हणजे या माळेला डोळे आणि हात देणं. डोळे म्हणजे फॉल्ट पॅसेज इंडिकेटर. बिघाडाचा मोठा करंट आपल्यातून गेला की नाही, एवढंच तो सांगतो. तिसऱ्या सबस्टेशनचा म्हणतो “गेला”, चौथ्याचा म्हणतो “नाही”. म्हणजे गडबड तीन आणि चारच्या मध्ये. हात म्हणजे मोटर बसवलेलं रिंग मेन युनिट, सबस्टेशनमधली माळेच्या स्विचची लोखंडी पेटी. त्याचे स्विच कंट्रोल रूममधूनच फिरवता येतात. गाडी निघायच्या आत बहुतेकांची लाइट परत येते, तासांचं काम मिनिटांत होतं. माझ्या मते खर्चाचा पहिला रुपया इथे लागला पाहिजे. सगळी चर्चा स्मार्ट मीटरवर होते आणि या लोखंडी पेटीचं कुणी नावही घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तुकडा सापडला तरी नेमकी जागा शोधायची राहतेच. दोन वर्षांपूर्वी जुलैत, रात्री अकराला आमच्या गल्लीची लाइट गेली. पहाटे तीनच्या सुमारास खाली उतरलो, तर एक जण कानाला हेडफोन लावून रस्त्यावर वाकून चालत होता. गाडीतल्या यंत्रातून केबलमध्ये जोरदार झटके सोडत होते. जिथे केबल फुटलेली असते, तिथे प्रत्येक झटक्याला जमिनीखाली ‘धप्प’ असा आवाज होतो. दिवसा बसच्या आवाजात तो ऐकू येत नाही, म्हणून ही रात्रीची वेळ. एका झाकणापाशी तो थांबला, खडूने फुली मारली आणि तिथेच खणलं.

खड्ड्यात जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारे कारागीर, उतरले, वर ताडपत्री. त्यांनी मला बॅटरीच्या उजेडात केबल दाखवली. कधीतरी खोदकामात जेसीबीचा दात लागून वरचं आवरण सोललं गेलं होतं, आणि पाऊस सुरू झाल्यापासून पाणी आत मुरत होतं. खराब तुकडा कापला, नवा घातला. मग प्रत्येक कोअर, म्हणजे केबलच्या आतली तार, पुसताना ते दर थोड्या वेळाने मनगटाने कपाळावरचा घाम टिपायचे. मला म्हणाले, “दादा, घामाचा एक थेंब आत राहिला, तर पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा इथेच.” या कामासाठी आजही तेच हात लागतात. स्मार्ट ग्रिडच्या बजेटमध्ये जॉइंटरच्या प्रशिक्षणाचे पैसे वेगळे काढायलाच हवेत.

आता मीटर. सबस्टेशनपासून घरापर्यंतचा भाग कंपनीला आजवर जवळपास दिसतच नव्हता. स्मार्ट मीटरची वीज गेली, की तो आत साठलेल्या थोड्याशा ऊर्जेवर शेवटचा निरोप पाठवतो: माझी लाइट गेली. इमारतीतले सगळे मीटर एकदम गप्प झाले, तर येणारी केबल. साधारण एक तृतीयांश गप्प झाले, तर एका फेजचा फ्यूज. एकट्या तुमच्याच घरात अंधार आणि मीटर मात्र जिवंत, तर बहुधा तुमच्याच घरातला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच. “शेजारी लाइट आहे का?” या प्रश्नातून तो माणूस हेच काढायचा प्रयत्न करत होता.

शिवाय कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर किती भार पडतोय, हेही कळतं. पंखे आणि ट्यूबलाइटच्या हिशोबाने घातलेल्या केबलवर आज घराघरांतले एसी चालतात आणि खाली ई-स्कूटर चार्ज होतात. मे महिन्यात रात्री अकराला फ्यूज उडतो तो यामुळेच.

स्मार्ट ग्रिड आली की मुंबई पुन्हा कधी ठप्प होणार नाही, हा एक गैरसमज दूर करतो. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास लोकल थांबल्या आणि मुंबई ठप्प झाली, तो बिघाड शहराला बाहेरून वीज आणणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांचा होता. गल्लीतली यंत्रणा कितीही हुशार केली, तरी तसा प्रसंग तिने टळत नाही.

स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनातली भीती मला खोटी वाटत नाही. मीटर दर पंधरा मिनिटांची किंवा अर्ध्या तासाची नोंद ठेवतो. घरात माणूस कधी नसतो, हे त्यातून ओळखता येतं. ही माहिती कोण बघतं आणि किती दिवस ठेवतं, हे कंपनीने मराठीत, स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे. बिल जास्त आल्याचा संशय असेल, तर गप्प बसू नका. केंद्र सरकारच्या 2024 च्या दुरुस्त नियमांनुसार तक्रार केल्यापासून पाच दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवायचा असतो, आणि तो किमान तीन महिने ठेवायचा असतो.

आणि मीटर बदलायला माणूस आला, की त्याच्यासोबत मीटर रूममध्ये जा. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं रीडिंग, दोन्हींचे फोटो काढा, क्रमांक दिसेल असे. पुढचं बिल आलं, की ते फोटो शेजारी ठेवून आकडे जुळवा.