गोफ विणावा, पण उसवता येईल असा

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्या घरात आत्ता एखादी तरी दोरी अशी असेल, जिची गाठ सुटत नाही म्हणून आज ना उद्या ती कात्रीने कापली जाईल. निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक आपल्या आज्यांना परकराच्या नाडीपासून ठाऊक होता. आज मी ज्या दोरीबद्दल बोलणार आहे, तिच्या वस्तू करताना हाच फरक सगळ्यात मोठा आहे. म्हणून आधीच सांगते आणि पुन्हाही सांगेन: विणायचं ते उसवता येईल असं.

दोरीचं नाव पॅराकॉर्ड. पॅराशूटची दोरी. जाडी साधारण चार मिलिमीटर, नायलॉनची. बाहेरून बारीक विणीचं गुळगुळीत कवच आणि आत सात वेगळे धागे, प्रत्येक धागा पुन्हा दोन किंवा तीन पेडांचा. हिला 550 नंबरची दोरी म्हणतात, कारण ती 550 पौंड, म्हणजे सुमारे 250 किलो वजन पेलते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक जमिनीवर उतरले की पॅराशूटच्या दोऱ्या कापून जवळ ठेवायचे, तिथून ती सामान बांधण्यापासून सगळ्या कामांना लागली. 1997 साली हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला गेलेल्या अंतराळवीरांनी तिच्या फाटलेल्या आवरणाला ठिगळं लावली, तेव्हा ती बांधायला हीच दोरी होती. आता ट्रेकिंगच्या दुकानात मीटरवर मिळते.

हिच्यापासून मनगटाचा पट्टा करतात, किल्ल्यांचा गोफ, पाण्याच्या बाटलीचा बंद, कुत्र्याची साखळी नको असेल तर दोरी, चष्म्याची दोरी, कोयतीच्या मुठीवरचं वेष्टन. पण या वस्तूंचा खरा उपयोग एकदा मला आंबोलीच्या घाटात कळला, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही.

आषाढातली गोष्ट. आंबोलीहून सावंतवाडीला यायचं होतं. दुपारचे चार वाजलेले, पण उजेड संध्याकाळचा. वडापची जीप मिळाली. पुढच्या सीटवर डाव्या खिडकीशी मी, मध्ये एक आजी, मग ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरच्याही उजवीकडे, दाराला चिकटून, कॉलेजातला एक मुलगा. वडापने गेलेल्यांना ही बैठक नवी नाही. आजींच्या हातात वाकड्या लाकडी मुठीची काळी छत्री होती. मोठी, एका घडीची. हल्लीच्या तीन घड्यांच्या छत्र्या कोकणातल्या पावसात एक आषाढ काढत नाहीत, हे माझं ठाम मत आहे. छत्री घ्यावी तर आजींच्या छत्रीसारखी.

मोठा धबधबा मागे पडला आणि समोरून पाण्याचा असा सपकारा आला, की काच पांढरी झाली. ड्रायव्हरने वायपर लावला. आत मोटर घुरघुरत होती, बाहेर पातं जागचं हलेना. त्याने गाडी कडेला घेतली, उतरून पाहिलं. पात्याचा दांडा आतल्या जोडापासून निखळला होता. हाताने ढकलला की इकडून तिकडे सहज फिरायचा, मोटरशी त्याचा संबंधच उरला नव्हता. भिजून परत आला आणि म्हणाला, "माका फुडचा काय्येक दिसणा नाय. कोणाकडे दोरी आसा काय?"

मागे धुकं, खाली दरी, आणि वळणावर उभी गाडी. थांबून राहणं चालण्यापेक्षा जास्त धोक्याचं होतं.

त्या मुलाच्या मनगटावर पॅराकॉर्डचा पट्टा होता. जत्रेत घेतलेला, निळा-काळा. त्याने तो लगेच काढून दिला. आणि तो उसवेना! दोन्ही टोकं जाळून विणीवर दाबून चिकटवलेली, प्लास्टिकचा घट्ट गोळा झालेला. ड्रायव्हरने दातांनी ओढून पाहिलं, किल्लीने टोकरून पाहिलं. कुणाकडे चाकू नाही, ब्लेड नाही. आठ-नऊ फूट दोरी हातात होती, पण तिची दोरी होईना.

माझ्या हातातही एक पट्टा होता, हिरवा, मी स्वतः विणलेला. शाळेत कार्यानुभव शिकवायचे, तेव्हा मुलींना नमुना म्हणून केला होता. टोकं चिकटवली नव्हती, विणीखालून उलटी ओवून घेतली होती. केसातली पिन काढली, टोक वर उचललं, आणि ओढत गेले. एक वीण, दुसरी वीण, भराभर. तीन-चार मिनिटांत मांडीवर नऊ फूट दोरी पडली.

ड्रायव्हरने ती दांड्याला दोन वेढे देऊन घट्ट बांधली. एक टोक उजव्या खिडकीतून त्या मुलाच्या हाती, दुसरं माझ्या खिडकीतून माझ्या हाती. माझं टोक काचेवरून आडवं यायचं म्हणून जेमतेम वीतभर उरलं, आणि ओली दोरी बोटांत रुतायला लागली. आजींनी न विचारता छत्री पुढे केली. मुठीच्या वाकड्या आकड्यात दोरी सुरगाठीने अडकवली, आणि मला धरायला छान दांडी मिळाली.

गाडी निघाली. पण ओढायचं कधी? मी आणि तो मुलगा, दोघंही एकदम ओढायचो, पातं मध्येच अडायचं. दोघंही सोडायचो, काच पुन्हा पांढरी. आजी जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी म्हणतंय, तुमी वढा." आणि त्यांनी सुरू केलं: "ज्ञानोबा" म्हटलं की मुलाने ओढायचं, "तुकाराम" म्हटलं की मी. ज्ञानोबा, तुकाराम. ज्ञानोबा, तुकाराम. पातं असं फिरायला लागलं, जसं त्याला कधी काही झालंच नव्हतं. पावसाचा जोर वाढला की आजींची चाल जलद व्हायची, उतरला की संथ. मागची माणसंही म्हणू लागली. पाऊण तास आम्ही तसे घाट उतरलो, थेट दाणोलीपर्यंत. माझी बाही खांद्यापर्यंत भिजली होती आणि मला थंडीची आठवणही नव्हती.

दाणोलीत चहा घेताना हॉटेलवाल्याच्या सुरीने त्या मुलाचा जत्रेतला पट्टा कापून पाहिला. कवचाच्या आत सात धागे नव्हतेच. नुसता भुसभुशीत पोलिस्टरचा कापूस. तो मुलगा जे मनगटावर मिरवत होता, ती पॅराकॉर्ड नव्हतीच.

तेव्हा दोन गोष्टी. एक, दोरी खरी घ्या. दोन, विणा ती उसवता येईल अशी.

आता वीण. थोडक्यात सांगते, कारण ज्यांनी घरात कधी मॅक्रमेची झुंबरं किंवा कुंड्यांची शिंकाळी केली आहेत, त्यांच्या हातात ही गाठ आहेच. मध्ये दोन दोऱ्या ताणून स्थिर ठेवायच्या. बाजूची डावी दोरी मधल्या दोन्हींवरून उजवीकडे न्यायची. आता उजवी दोरी त्या डावीवरून घ्यायची, मधल्यांच्या खालून डावीकडे न्यायची आणि डावीकडच्या कमानीतून वर काढायची. ओढा. पुढची गाठ उलट्या बाजूने: आधी उजवी. मग डावी. मग उजवी. बाजू बदलायला विसरलात तर पट्टा स्क्रूसारखा पिळत जातो. तोही दिसतो सुंदर, पण मनगटावर सपाट बसत नाही.

माप लक्षात ठेवा: एक इंच पट्ट्याला एक फूट दोरी. पुन्हा सांगते, एक इंचाला एक फूट. आठ इंचांच्या पट्ट्याला आठ फूट, वर टोकांसाठी एक फूट जास्त. आणि विणण्याआधी दोरी गरम पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. नायलॉनची दोरी पहिल्या भिजण्यात आक्रसते, मग पहिल्याच पावसात पट्टा मनगटाला आवळतो.

टोक कापल्यावर लायटरने क्षणभर शेकायचं, म्हणजे कवच सुटत नाही. वितळलेलं नायलॉन बोटाला चिकटलं तर चामडीसकट निघतं, म्हणून ते ओल्या चमच्याने दाबा. पण शेकायचं फक्त टोक. ते विणीला चिकटवायचं नाही. थंड झालं की मागच्या तीन-चार विणींखालून पिनने उलटं ओवून घ्या. बस.

हे सगळं शाळेत शिकवण्याजोगं आहे, आणि मी तीस वर्षं शिकवलं. पण कार्यानुभवाचा तास म्हटला की गणिताचे सर "जरा द्या हो बाई" म्हणत येतात, आणि परीक्षेला मुलं दुकानातून आणलेले शोभेचे फ्लॉवरपॉट जमा करतात. पालकांनी या तासाचा आग्रह धरला पाहिजे. मुलीने गाठ मारावी तशी मुलानेही मारावी, आणि ती सोडवताही यावी.

एक इशारा, तो मात्र कानात ठेवा. 250 किलो पेलते म्हणून या दोरीवर झोपाळा बांधू नका, कड्यावरून उतरू नका. ते वजन स्थिर टांगलेलं. झटका बसला की ताण कितीतरी पट वाढतो, आणि जिथे गाठ तिथे दोरीची ताकद बरीच घटते. माणसाचा जीव हिच्यावर टांगायचा नाही.

बाटलीच्या बंदाला आणि कुत्र्याच्या दोरीला चार पदरी गोल गोफ बरा, हाताला मऊ लागतो. त्याची वीण वेणीसारखीच, फक्त तीनाऐवजी चार पेड. ती पुढच्या वेळी.

माझी हिरवी दोरी ड्रायव्हरने मागून घेतली, नवा वायपर बसेपर्यंत म्हणून. मी दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन दहा फूट नवी आणली. दुकानदारासमोरच टोक थोडं उसवलं आणि आतले धागे मोजले. तुम्हीही मोजा. सात असले, तरच घ्या.

नमस्कार.