कालाकोटचा खूरवाला

जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट आहे. डोंगराळ मुलूख, कोळशाच्या खाणी. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी इथे हिमालय उभा राहायचा होता. त्या काळी इथल्या पाण्याकाठी मांजराएवढा एक प्राणी वावरत होता. इंडोहायस. बारीक पाय, पायांना खूर, शिंगं नाहीत. सह्याद्रीतलं पिसोरी हरीण पाहिलं असेल, तर त्याच्या चणीचा अंदाज येईल. फक्त शेपूट लांब लावायची.

भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी १९७१ मध्ये त्याची पहिली नोंद केली. कालाकोटहून आणलेले त्यांचे बाकीचे दगड मात्र वर्षानुवर्षं न फोडता पडून राहिले. राव गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाकडे सोपवले. दगडातून हाडं मोकळी करताना एका सहायकाच्या हातून कवटीचा कानाजवळचा भाग तुटला. बरंच झालं म्हणायचं! कारण आतलं हाड एका बाजूने विलक्षण जाड निघालं. तसं हाड तोवर फक्त देवमाशांच्या कानात पाहिलेलं होतं.

मग बाकीची हाडंही नीट तपासली गेली. पायांच्या हाडांच्या भिंती जाड, आतली पोकळी अरुंद. पाणघोड्याची असतात तशी. अशा जड हाडांमुळे पाण्यात शरीर वर तरंगत नाही, तळावर पाय टेकतात. दातांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांनीही, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणानेही, पाण्यातल्या वावराला दुजोरा दिला. डिसेंबर २००७ मध्ये थेविसन, सुनील बाजपाई आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं, की देवमाशांचे सर्वांत जवळचे नातलग या खूरवाल्याच्या कुळातले. त्या कुळाला रावांचंच नाव आहे: राओएलिडे.

पण हा पाण्यात शिरला कशाला? मासे धरायला म्हणावं, तर दात शिकाऱ्याचे नाहीत. संशोधकांचा तर्क असा, की तो लपायला शिरत असावा. आफ्रिकेतलं पाणपिसोरी आजही हेच करतं. वर गरुड दिसला, की थेट ओढ्यात उडी आणि पाण्याखाली दडी. हा तर्क खरा असेल, तर देवमाशांच्या घराण्यात आधी पाणी आलं आणि मासे खाणं मागाहून.

इंडोहायसला देवमाशाचा आजोबा मात्र म्हणू नये. पाकिस्तानातला पाकिसेटस, म्हणजे चार पायांवर चालणारा आद्य देवमासा, जवळपास त्याच काळातला, कदाचित थोडा आधीचाच. तेव्हा हे दोघे चुलत भाऊ, आणि त्यांचा सामाईक पूर्वज आणखी जुन्या खडकांत शोधावा लागेल.