पावसाआधीची लस

(दृश्य: सरकारी रुग्णालय. गरोदर मातांची ओपीडी, केसपेपरसाठी रांग.)

३ ऑगस्ट २००९. पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. देशातला हा पहिला बळी. मग नायडू रुग्णालयात तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या. तोंडाला स्कार्फ बांधायची सवय पुण्याला आधीपासूनच होती, आता मास्कही आला. लस मात्र अजून हाताशी नव्हती.

२०१५ मध्ये साथ पुन्हा उसळली. त्या वर्षी राज्याच्या आरोग्य विभागाने सरकारी रुग्णालयांत फ्लूची लस मोफत द्यायचं ठरवलं. सरसकट सगळ्यांना नाही. तीन महिने पूर्ण झालेल्या गरोदर माता, बीपी-शुगरचे रुग्ण आणि दवाखान्यात राबणारे कर्मचारी, एवढ्यांसाठीच. सक्ती नाही, ज्याची त्याची इच्छा.

(दृश्य: सिस्टर शीतपेटीतून कुपी काढते.)

गरोदर बाईच का? एक तर तिला फ्लू झाला, तर तो अंगावर काढण्यासारखा नसतो. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. आईने घेतली, तर तिच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारे घटक, नाळेतून बाळाकडे जातात. एकाच सुईत दोघांची सोय.

तरी आई बिचकते. सासूबाई म्हणतात, ‘पोटुशीला कशाला टोचायचं?’ सिस्टरला मग शांतपणे सांगावं लागतं, की या लसीतला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखेल, क्वचित कणकण येईल, एक-दोन दिवसांत ओसरेल. आमच्या मते, मोफत लसीचा खरा खर्च या पाच मिनिटांच्या बोलण्यात आहे, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच वेळ नसतो.

(दृश्य: मे महिन्याचं ऊन, रिकामं बाकडं.)

दुसरी अडचण वेळेची. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, पुन्हा थंडीत डोकं वर काढतो. लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे ती मेअखेर घेतलेली बरी. लोक येतात ऑगस्टमध्ये, पेपरात बातम्या झळकल्यावर. गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी नव्याने जुळवावी लागते.

बाहेर खासगीत या सुईला हजारांच्या घरात पैसे मोजावे लागतात. तेव्हा तपासणीला गेलात, की सिस्टरला विचारा, ‘फ्लूची लस आली आहे का?’