वीस डॉलरची रायफल, पोस्टानं घरपोच

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

इथं बसलेल्यांपैकी ज्यांनी साठी ओलांडलीय, त्यांना मासिकांच्या शेवटच्या पानांवरच्या जाहिराती आठवत असतील. घड्याळ, ट्रान्झिस्टर, केस वाढवायचं तेल. ‘आजच लिहा, व्ही.पी.नं घरपोच.’ पोस्टमन पार्सल घेऊन यायचा, पैसे मोजून द्यायचे आणि पार्सल सोडवून घ्यायचं. अमेरिकेत 1950 नंतरची जवळजवळ अठरा वर्षं अशाच पानांवर, अशाच चौकटीत, सैन्यानं मोडीत काढलेल्या रायफली विकायला असायच्या. कूपन कापायचं, नाव-पत्ता लिहायचा, मनीऑर्डर जोडायची. आठवड्या-दोन आठवड्यांत लांबट खोका दारात.

मी व्हर्जिनियात राहतो, पेशानं मेकॅनिकल इंजिनियर. गेली वीस वर्षं जुन्या लष्करी रायफली गोळा करतो. माझ्याकडे नऊ आहेत. या वस्तूंवर माझं प्रेम आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे बोलणार आहे ते प्रेम असूनही बोलणार आहे.

आधी हा माल आला कुठून ते पाहू. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा युरोपातल्या शस्त्रागारांत लाखो बोल्टच्या रायफली पडून होत्या. बोल्टची म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हातानं खटका मागं-पुढं करायची. 1954 मध्ये नाटोनं 7.62 मिलिमीटरचं काडतूस ठरवलं, सैन्यांना आपोआप भरणाऱ्या रायफली हव्या झाल्या, आणि ब्रिटनची .303, इटलीची कारकानो, जर्मनीची माउझर एका फटक्यात अडगळ झाली. सांभाळायला पहारा, गोदाम, तेलपाणी. कुठल्याही अर्थमंत्र्याला ती कोणी उचलून नेली तर हवीच होती.

उचलायला सॅम्युअल कमिंग्ज होता. फिलाडेल्फियाचा मुलगा, थोडा काळ सीआयएमध्ये होता, आणि 1953 मध्ये त्यानं इंटरआर्मको ही कंपनी काढली. आमच्याकडून फार लांब नाही, पोटोमॅक नदीच्या काठी अलेक्झांड्रियात, तिथं त्याची गोदामं होती. जहाजं थेट धक्क्याला लागायची. आज त्या काठावर फिरायला गेलं की रेस्टॉरंटं आणि आइस्क्रीमची दुकानं दिसतात. मी तिथं प्रत्येक वेळी थोडा थांबतो. एके काळी इथं भिंतीला टेकवून रायफलींच्या राशी लावलेल्या असायच्या, सरपणासारख्या.

मोडीच्या भावात घेतलेला माल किरकोळीत बारा, पंधरा, वीस डॉलरला जायचा. नवी शिकारीची रायफल याच्या कितीतरी पट महाग. मग खेड्यातला शेतकरी, शाळकरी पोराचा बाप, कारखान्यातला कामगार असं गिऱ्हाईक धावलं. कित्येकांनी दस्ता कापून, लाकूड तासून तिची हरणाच्या शिकारीची बंदूक केली. माझ्यासारख्याला आज ते बघून वाईट वाटतं, पण त्यांनी ती इतिहास म्हणून घेतलीच नव्हती. त्यांना हरणाचं मांस हवं होतं.

यावर पहिली ओरड कोणी केली असेल? बंदुका बनवणाऱ्या कारखान्यांनी. मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट हा त्यांचा पट्टा. स्वस्त परदेशी मालानं त्यांचा धंदा बसत होता. म्हणून 1958 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सेनेटरनं लष्करी शस्त्रांची आयात बंद करायचं विधेयक मांडलं. ते तसं मंजूर झालं नाही. त्या सेनेटरचं नाव जॉन एफ. केनेडी.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. का, ते आता सांगतो.

1963 च्या फेब्रुवारीत एका नेमबाजीच्या मासिकात शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाची जाहिरात आली. इटालियन कारबाइन, म्हणजे आखूड रायफल, तेरा डॉलरच्या आत. चौपट मोठं दाखवणारी दुर्बीण बसवून हवी तर 19 डॉलर 95 सेंट. 12 मार्चला डॅलसमधून एक कूपन निघालं. नाव ए. हिडेल, पत्ता पोस्ट बॉक्स 2915. सोबत 21 डॉलर 45 सेंटची पोस्टाची मनीऑर्डर, त्यातला दीड डॉलर पाठवणावळ. 20 मार्चला क्लाइन्सनं रायफल रवाना केली. जाहिरातीत आखूड कारबाइन होती, पाठवलेली चार इंचांनी लांब निघाली. टेर्नीच्या कारखान्यात 1940 मध्ये बनलेली, क्रमांक सी 2766.

हिडेल नावाचा माणूसच नव्हता. हस्ताक्षर ली हार्वी ऑस्वाल्डचं होतं. त्यानं लॉस एंजेलिसच्या एका दुकानातून टपालानंच एक रिव्हॉल्व्हरही मागवलं होतं. 1927 च्या कायद्यानं पिस्तुलं पोस्टानं पाठवायला बंदी होती, म्हणून ते रेल्वे एक्स्प्रेसनं आलं, माल मिळाल्यावर पैसे. म्हणजे आपली व्ही.पी.च. तेही मोडीतलंच, महायुद्धात इंग्लंडला धाडलेलं आणि नंतर अमेरिकेत परत आलेलं. दोन्ही पार्सलं एकाच दिवशी निघाली होती.

22 नोव्हेंबरला डॅलसमध्ये, तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्याच केनेडींचा खून झाला आणि संशयित म्हणून ऑस्वाल्डला पकडलं. पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावर खोक्यांच्या आड ती रायफल सापडली. तपास करणारे क्रमांकावरून आयातदाराकडे, तिथून क्लाइन्सकडे पोचले. दुकानाचे सगळे कागद मायक्रोफिल्मवर होते. माणसं रात्रभर फिल्म चाळत बसली आणि पहाटे चारच्या सुमारास ते कूपन पडद्यावर आलं.

मला सांगायचंय ते इथं आहे. कागद होते! नाव, पत्ता, क्रमांक, तारीख, रक्कम, सगळं नीट जपलेलं होतं. खून झाल्यावर एका रात्रीत सापडलं. पण मार्चमध्ये त्या कूपनाकडे बघून एकाही माणसानं विचारलं नव्हतं, की बाबा रे, तू कोण? दुकानानं कायदा मोडला नव्हता. 1938 च्या केंद्रीय कायद्यात गुन्हेगाराला जाणूनबुजून विकू नये असं होतं, पण गिऱ्हाईक कोण हे जाणून घेणं दुकानदारावर बंधनकारक नव्हतं. जो बघतच नाही, त्याला दिसणार कुठून?

यावर माझे अमेरिकन मित्र म्हणतात, ऑस्वाल्डला डॅलसच्या कुठल्याही दुकानात रायफल मिळाली असती. खरं आहे. पण दुकानात समोर माणूस असतो. तो चेहरा बघतो, आवाज ऐकतो. दारू प्यायलेला, थरथरणारा, खोटं नाव सांगताना अडखळणारा कोणी आला तर निदान नाही म्हणायची सोय असते. कूपनाला तोंड नसतं. पोस्ट बॉक्स 2915 ला डोळे नव्हते.

सेनेटर थॉमस डॉड कनेटिकटचे, बंदूक कारखान्यांच्याच राज्यातले. टपालानं येणाऱ्या पिस्तुलांवर ते आधीपासून काम करत होते आणि ऑगस्ट 1963 मध्ये त्यांनी विधेयक मांडलं होतं. नोव्हेंबरनंतर त्यांनी त्यात रायफली घातल्या. अमेरिकेच्या रायफल असोसिएशनचे तेव्हाचे कार्यकारी प्रमुख फ्रँकलिन ऑर्थ यांनी समितीपुढं टपालविक्री रोखायला पाठिंबा दिला. आज ती संघटना ज्या भूमिका घेते त्या बघता कोणाला हे पटत नाही. तरीही पाच वर्षं गेली. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गोळीला बळी पडले, जूनमध्ये केनेडींचे भाऊ रॉबर्ट. मग 22 ऑक्टोबर 1968 ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. सामान्य माणसाला परराज्यातून टपालानं बंदूक मागवायची बंदी आणि लष्करी मोडीच्या आयातीलाही बंदी.

आयातीची बंदी पुढं 1980 च्या दशकात संग्रहाच्या वस्तूंसाठी सैल झाली. विचारपूस मात्र राहिली. तिचीच गोष्ट आता, माझ्या अनुभवातून.

आज मला टपालानं रायफल मागवता येते. पण माझ्याकडे संग्राहकाचा केंद्रीय परवाना आहे, तीन वर्षांना तीस डॉलर. अर्जाची प्रत गावच्या पोलीसप्रमुखाकडे जाते. रायफल पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी. व्यापाऱ्याला परवान्याची सही केलेली प्रत पाठवायची, मगच पार्सल घरी येतं. ज्याच्याकडे परवाना नाही त्याचं पार्सल गावातल्या परवानाधारक दुकानात उतरतं. तिथं ओळखपत्र, फॉर्म आणि सरकारी नोंदींची तपासणी. 1898 पर्यंतच्या बंदुका पुराणवस्तू धरतात, त्यांना यातलं काही लागत नाही. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला, म्हणजे जुन्या शस्त्रागारातला, राणांच्या काळातला साठा 2003 मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी घेतला, त्यातल्या मार्टिनी रायफली लोकांच्या घरी अशाच आल्या.

टपालानं घेण्यात फसायलाही होतं. एका व्यापाऱ्याकडून मी ‘उत्तम स्थिती’ म्हणून एक रायफल घेतली, वर निवडून द्यायचे दहा डॉलर जास्त दिले. नळीत डोकावलो तर खाचा गंजानं खाल्लेल्या. जुन्या काडतुसांच्या टोपीत क्षार असतात, ते नळीत राहिले आणि हवेतलं पाणी ओढून घेतलं की पोलाद पोखरतं. सैनिकानं गोळीबारानंतर उकळतं पाणी ओतलं नाही, की पन्नास वर्षांनी त्याचं फळ माझ्या पदरात. परत पाठवायला जमलं नाही. तेव्हापासून नळीचा फोटो मागितल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही.

आणि तो दुसरा खोका. 2009 ची गोष्ट. खोका उघडला तर ब्रिटिश घडणीची .303 रायफल तपकिरी चिकट ग्रीसमध्ये बुडवलेली. गोदामात गंजू नये म्हणून हे लावतात. त्याला एक वास असतो, जुन्या गॅरेजचा आणि मेणाचा मिळून. रॉकेलच्या चिंध्यांनी एकेक भाग पुसायचा. लाकडातलं ग्रीस निघत नाही, म्हणून दस्ता काळ्या पिशवीत गुंडाळून भर उन्हात गाडीत ठेवायचा. लाकूड घामासारखं पाझरतं, आपण पुसत राहायचं. चार दिवस हेच चाललं होतं.

मॅगझिनच्या पुढं लाकडात एक आडवा स्क्रू दिसला आणि मला कळलं, ही इंग्लंडची नाही. पट्टीवरचं ग्रीस अंगठ्यानं सारलं. जिथं ब्रिटिश रायफलीवर मुकुट असतो, तिथं अशोकस्तंभाचे सिंह. खाली इंग्रजी तीन अक्षरं, आर एफ आय. रायफल फॅक्टरी, ईशापूर. वर्ष 1963.

मी तिथंच खाली बसलो. चीनच्या युद्धानंतरच्या वर्षी, बंगालमधल्या कुठल्या तरी कामगारानं हा सिंह ठोकला होता. आमच्या घरात हा विषय कधी परका नव्हता. माझे वडील इथं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तुमच्या-आमच्या भाषेत अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत, एकतीस वर्षं होते. तिथं .303 ची काडतुसं व्हायची. पण हीच रायफल आपल्याकडे सामान्य माणसाला कधीच मिळाली नाही. सैन्याचं काडतूस लोकांच्या हाती नको, हा इंग्रजांचा नियम आपण पुढं चालवला, म्हणून शिकारीसाठी .315 ची वेगळी रायफल बनली. राजापूरकडच्या माझ्या मामांकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती गोणपाटात गुंडाळून एसटीनं पोलीस ठाण्यात जमा करायला जायचे, निकालानंतर आणायला जायचे. तेव्हा मला तो जाच वाटायचा.

दुसरं टोकही आपण बघितलंय. 2008 मध्ये सीएसटीवर स्वयंचलित बंदुकांसमोर आपले पोलीस हीच .303 घेऊन उभे होते. ज्या घडणीची रायफल अमेरिकेत संग्राहक भिंतीवर लावतो, ती आपल्याकडे तेव्हाही कामावर होती. त्या शिपायांना चांगलं हत्यार मिळायला हवं होतं, हे मी कुठंही बोलायला उभा राहिलो की म्हणतो.

ईशापूरची रायफल आली त्याच वर्षी एका प्रदर्शनात मला काडतुसांचा जुना खोका मिळाला. पुंगळीच्या बुडाशी के आणि एफ. के म्हणजे किर्की, इंग्रजांच्या तोंडची आपली खडकी. वडिलांना व्हिडिओ कॉल केला आणि कॅमेऱ्यासमोर पुंगळी धरली. वय एक्याऐंशी, नजर अधू झालेली. त्यांनी विचारलं, ‘‘साल काय आहे?’’ मी वाचून सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘मी लागायच्या आधीची आहेत. आमच्या तपासनिसाच्या हाताखालून गेलेली असणार.’’ आणि लगेच, ‘‘तुला कशी दिली त्यांनी? काही विचारलं का तुला?’’

काडतुसांना तिकडं परवाना लागत नव्हता. मी म्हटलं, ‘‘नाही, दादा. पैसे दिले, खोका दिला.’’

‘‘आमच्याकडे गेटवर डबासुद्धा उघडून बघायचे,’’ ते म्हणाले.

ती पुंगळी तुम्हाला दाखवायला आणता आली नाही. रिकामी असली तरी विमानतळावर अडवतात, आणि अडवायलाच हवी. फोटो आणलेत, ते मागून फिरवतो. पहिला सिंहाचा आहे. दुसरा माझ्या नोंदवहीचा, ही वही ठेवणं कायद्यानं सक्तीचं आहे. डावीकडे मी लिहिलंय: निर्माता, क्रमांक, कोणाकडून घेतली, तारीख. उजवीकडचे रकाने कोरे दिसतील. ते, कोणाला दिली, याचे आहेत.