६६ किलोडाल्टनची पट्टी

(दृश्य : इनक्युबेटरचं दार उघडतं. गुलाबी द्रवातले फ्लास्क.)

३७ अंशांवर वाढणाऱ्या या पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या. नाव एमसीएफ-७. १९७० साली, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये, एका ननच्या छातीत झालेल्या पाण्यातून त्या वेगळ्या केल्या. ती त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातही.

या पेशींना वाढायला इस्ट्रोजेन लागतं. त्याचा निरोप घेणारं प्रथिन म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. नवं औषध त्याला नुसतं अडवतं की संपवतं? किती पेशी मेल्या हे मोजून ते कळत नाही. प्रथिनच बघावं लागतं.

(दृश्य : बर्फावरच्या प्लेट.)

औषध देऊन झालंय. आता सगळं बर्फावर आणि झटपट, कारण पेशी फुटल्या की त्यांच्यातलीच विकरं प्रथिनं तोडायला लागतात. प्रत्येक नमुन्यातलं प्रथिन मोजायचं, सारखं घ्यायचं. इथे कुचराई झाली तर पुढचं सगळं फोल.

(दृश्य : जेलमध्ये खाली सरकणारी निळी रेघ.)

नमुने जेलच्या खाचांत भरले, वीज सुरू केली. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे रखडतात. मग ती सगळी एका पातळ पडद्यावर उतरवायची. आणि हो, हे पांढरं दिसतंय ते दूधच आहे, साय काढलेल्या दुधाच्या पावडरचं. पडद्यावरच्या मोकळ्या जागा ते झाकतं, म्हणजे अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटून त्याची पट्टी दाखवणारं प्रथिन) भलतीकडे चिकटत नाही.

(दृश्य : संगणकावर उमटणाऱ्या पट्ट्या.)

६६ किलोडाल्टनपाशी बघा : किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं माप, आणि इस्ट्रोजेन रिसेप्टरची पट्टी इथे दिसते. एकेक घर म्हणजे एकेका खाचेतला नमुना. पहिलं घर औषधाविना : पट्टी ठळक. दुसरं टॅमॉक्सिफेन या औषधाचं : पट्टी जागेवरच, कारण ते रिसेप्टरला अडवतं, नष्ट करत नाही. तिसरं फुल्वेस्ट्रंट या औषधाचं : जवळजवळ पुसलेली, कारण ते रिसेप्टर संपवतं. चौथं, चाचणीतल्या नव्या औषधाचं : तिथेही पुसट.

खालची ॲक्टिनची, म्हणजे प्रत्येक पेशीत असणाऱ्या एका प्रथिनाची, रांग मात्र चारही घरांत सारखी, म्हणजे नमुने सारखेच भरले गेलेत. खरं तर नजर आधी हिच्यावर जायला हवी. ही सारखी नसती, तर वरची पट्टी पुसट झाली म्हणून आनंद मानण्यात काहीच अर्थ नव्हता.

फुल्वेस्ट्रंटही एकेकाळी असंच प्रयोगातलं होतं : इंग्लंडच्या आयसीआय कंपनीचं, आयसीआय १८२,७८० या क्रमांकाचं. १९९१ साली शोधनिबंध आला, अमेरिकेत मान्यता २००२ साली. ते स्नायूत टोचावं लागतं. रिसेप्टर संपवणाऱ्या याच जातीची पहिली गोळी, इलासेस्ट्रंट, अमेरिकेत २०२३ साली मान्य झाली.