पऱ्हाटीचं झाड, लाकडाचा बैल

(अचलपूर तालुक्यातल्या एका गावी, वाचनालयाच्या पडवीत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाताळाच्या घरगुती सजावटीवर आणि भेटींवर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. वक्त्या निवृत्त चित्रकला शिक्षिका आहेत.)

मंडळी, डब्यात उभं केलेलं हे झाड कशाचं आहे, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. सकाळी ज्यांच्या वावरातून मी ते आणलं, ते दादा मागे बसून अजून हसताहेत. येताना त्यांनी विचारलं, "मॅडम, पऱ्हाटी पाहाले बोलावलं का आमाले?" हो दादा, पऱ्हाटीच, कापसाचंच झाड पाहायला बोलावलं. आमच्या घरी गेली कित्येक वर्षं नाताळाला हेच झाड उभं राहतं.

बाजारात हिरवं प्लॅस्टिकचं झाड मिळतं, घडी करून माळ्यावर टाकता येतं, सोयीचं आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच्यावर लोक बर्फ करतात, आणि त्या बर्फासाठी मेडिकलमधून कापसाचे गुंडाळे विकत आणतात. डिसेंबरात, आपल्या मुलखात, जिथे अर्ध्या घरांत माणसं कापसाच्या ढिगावर झोपतात! मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी त्या घरच्या बाईला विचारलं, "अगं, बर्फ पाहिलास का तू कधी?" ती म्हणाली, "फ्रीजमधला पाहिला नं."

ज्या थंड मुलखात नाताळाचं झाड रुजलं, त्या जर्मनीतल्या लोकांच्या दारात सूचिपर्णी झाडं होती, बर्फ होता, म्हणून त्यांनी ते घरात आणलं. इंग्लंडमध्ये ती चाल घरोघर पसरली ती राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ साली एका साप्ताहिकात छापून आल्यावर. त्याआधी तिकडच्याही पुष्कळ घरांना झाड माहीत नव्हतं. स्वीडनमध्ये लोक गवताच्या काडीचा बोकड बांधतात. जर्मनीत गव्हाच्या काडाच्या चांदण्या करतात. सगळं कसलं? हिवाळ्यात शेतकऱ्याच्या घरी जे पडलेलं असतं, त्याचं. काड, सुकलेलं फळ, गोठा. आता मला सांगा, काड, फळ आणि गोठा यांच्या जवळ कोण आहे? शहरातलं दुकान, की तुम्ही?

तर ही पऱ्हाटी. निवडताना मधली एक सरळ दांडी आणि चहूबाजूंनी फांद्या असलेली निवडायची. पानं झाडून टाकायची. वेचणीत आठ-दहा फुललेली बोंडं झाडावरच सोडायची, तेवढ्यानं कुणाचं क्विंटल कमी होत नाही. बाकीच्या रिकाम्या बोंडांची जी वाळकी कवचं राहतात ना, ती नीट पाहा. चार-पाच पाकळ्यांचं लाकडी फूल आहे ते. त्याला रंगही लावू नका, फार तर टोकांना चुना. तेलाच्या डब्यात दगडगोटे भरून झाड त्यात रोवायचं.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगते. एक, या झाडाजवळ मेणबत्ती, पणती, उदबत्ती काही नको. कापूस आहे. दुसरं, किडकं, न उमललेलं बोंड झाडावर ठेवायचं नाही, आणि ६ जानेवारीला आमचा सण सरला की झाड जाळून टाकायचं किंवा खड्ड्यात कुजवायचं. गुलाबी बोंडअळी अशाच बोंडांत आणि पऱ्हाटीच्या ढिगात दडून बसते, पुढच्या हंगामाची वाट बघत. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक उभं ठेवून पुन्हा कापूस, घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, असं कृषी खातं घसा कोरडा करून सांगतं ते याचसाठी. सजावटीच्या नावाखाली आपण तिला घरात पाहुणचार करायचा नाही.

आता तारा. पहिला तारा मी जाळला, तिथूनच सांगते. भारनियमनाचे दिवस होते, संध्याकाळी सातला वीज जायची. मी मोठ्या हौसेनं कागदी तारा केला होता, तो अंधारात कसा दिसणार, म्हणून आत मेणबत्ती ठेवली आणि करंज्या तळायला आत गेले. शेजारच्या काकू ओरडल्या तेव्हा कळलं. तारा गेला, छपरीचा एक वासा काळा पडला, करंज्यांचा घाणाही करपला. तेव्हापासून ताऱ्यात फक्त एलईडीचा छोटा दिवा.

सांगाडा बांबूचा. आपल्याकडे बुरूड अजून आहेत, त्यांच्याकडून कामट्या सालून घ्या, बोटात कूस जाणार नाही अशा. ६० सेंटीमीटरच्या दहा कामट्या आणि १० सेंटीमीटरचे पाच टेकू, एवढंच लागतं. लेकरं पाटीवर हात न उचलता चांदणी काढतात ना, तशीच पाच कामट्यांची चांदणी जमिनीवर मांडायची, एक वरून, एक खालून, चटई विणल्यासारखी. इथे बहुतेकांची चांदणी वाकडी होते. एक पाय लांब, एक आखूड. त्याला उपाय असा की मांडायच्या आधीच प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटीमीटरवर पेन्सिलनं खूण करायची. मधे १४ उरतात. कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे खुणेवर खूण बसवली की पाचही पाय सारखे येणारच, न येऊन जातात कुठे. मोठा तारा करायचा असेल तर हेच प्रमाण धरा, लांबीला ०.३८ नं गुणा.

अशा दोन चांदण्या. एकीवर एक ठेवून फक्त पाच टोकं दोऱ्यानं आवळून बांधायची, मधे नाही. मग आतल्या पाच सांध्यांमध्ये एकेक टेकू उभा घालायचा. पहिला घालताना काही वाटत नाही. तिसऱ्याला कामट्या ताणायला लागतात. पाचवा घातला की सपाट असलेली ती गोष्ट एकदम पोट फुगवून उभी राहते. वर्गात या क्षणी मुलं हमखास ओरडतात. तीस वर्षं मी शिकवलं, ते ओरडणं ऐकायला मला दर वर्षी नव्यानं आवडलं.

वर पतंगाचा कागद, गव्हाच्या पिठाच्या पातळ खळीनं. खळ टिकावी म्हणून कोणी मोरचूद घालतात, लेकरं हात लावणार असतील तर घालू नका, ते विष आहे. बाजूचा एक त्रिकोण उघडा ठेवा, दिवा तिथून जाईल. दिवाळीचा आकाशकंदील तुम्ही असाच करता, फक्त आकार वेगळा. आणि झिरमिळ्या? लावा की. कोणी मना केलंय? जर्मनीतल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा एक प्रसिद्ध तारा आहे, २६ टोकांचा. तो १८३० च्या दशकात एका शाळेत भूमितीच्या धड्यासाठी पोरांकडून करून घेतला गेला. म्हणजे तोही मास्तरांच्याच डोक्यातून निघाला. आमची जात सगळीकडे सारखी.

संत्र्याकडे येते. तिकडे नाताळाच्या मोज्यात संत्रं टाकायची चाल आहे. त्याची कथा संत निकोलसची. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानात मायरा नावाच्या गावी हा बिशप होऊन गेला. कथा अशी की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यापायी अडली होती, निकोलसनं रात्री खिडकीतून सोन्याच्या तीन थैल्या आत टाकल्या. संत्रं म्हणजे ते सोनं. ही कथा मी जिथे सांगते तिथे हुंड्यापाशी आल्यावर बाया गप्प होतात. तिकडच्या थंडीत संत्रं वर्षातून एकदा हातात यायचं, म्हणून ती भेट होती. आपण ते कुणाला भेट दिलं तर तो म्हणेल, काहून, भाव पडले का? म्हणून आपण संत्रं द्यायचं नाही, संत्र्याचं काहीतरी करून द्यायचं.

तिकडे संत्र्याला लवंगा टोचून सुकवतात आणि कपड्यांच्या पेटीत ठेवतात. मी ऐकलं आणि आपल्या संत्र्याला टोचल्या. आठवड्यात बुरशी. का? आपल्या संत्र्याची साल ढिली, आत हवा. लवंग सालीतच लोंबते, गरापर्यंत जाऊन त्याला सुकवत नाही. या कामाला मोसंबी घ्या, साल घट्ट असते. जाड सुईनं आधी भोकं पाडायची, नाहीतर अंगठा सोलून निघतो. लवंगा दाटीनं बसवायच्या. चार लवंगांची नक्षी करून कंजूसपणा केला की मोसंबी सडली म्हणून समजा. दालचिनीच्या पुडीत घोळवून कागदी पिशवीत ठेवायची, रोज परतायची. तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे आज रात्री बसलात तर नाताळाला बेतानं होईल. लवंगा महाग आहेत, एकीलाच जमेल. ती आईला द्या.

पण आपल्या संत्र्याचा जो दोष, तोच दुसरीकडे गुण. साल अख्खी निघते! ती ओली असतानाच सुरीनं चांदण्या, पानं, चिमण्या कापा, दोरा ओवायचं भोक तेव्हाच पाडा, आणि दोन फळकुटांमध्ये वर दगड ठेवून सुकवा. वजन ठेवलं नाही तर वाकड्यातिकड्या वळतात. दिव्यासमोर टांगल्या की गाभुळ्या चिंचेच्या रंगाच्या दिसतात आणि खोलीत मंद वास राहतो. फळाच्या चकत्याही करता येतात, अर्धा बोट जाडीच्या. सुपात मांडून वर मलमल झाकून पाच-सहा दिवस ऊन द्यायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत घरात.

कागदाच्या लगद्याबद्दल थोडंच बोलते, कारण तुमच्या आज्यांना ते माझ्याहून जास्त येत होतं. जुनी वर्तमानपत्रं भिजवायची, कुटायची, त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची. मेथी चिकट धरते आणि तिच्या कडूपणानं कीड लागत नाही. वाटी पालथी घालायची, तिला तेलाचा हात लावायचा, वर लगदा थापायचा. सुकला की सुटतो. अशा टोपल्यांतून आमच्याकडे धान्य ठेवत असत. आता प्लॅस्टिकचे डबे आले आणि ती कला म्हाताऱ्यांबरोबर चालली. पेन ठेवायला, बांगड्या ठेवायला, फराळ द्यायला यापेक्षा देखणं भांडं नाही. थर्माकोलच्या सजावटीवर तर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे, तेव्हा तो विषयच मिटला.

आता गोठा, म्हणजे ज्याला आम्ही गव्हाणी म्हणतो. येशूच्या जन्माचा देखावा. असा देखावा संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावात उभा केला, खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून. गंमत म्हणजे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत निजवल्याचं आहे, पण बैलाचा शब्द नाही. बैल आणि गाढव आले ते बायबलमधल्याच यशया संदेष्ट्याच्या एका ओळीवरून. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव मालकाचं ठाण ओळखतं, अशा अर्थाची ती ओळ आहे. पोळ्याला बैलाची खांदेमळणी करणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

आमच्या गव्हाणीत बैल असतो तो तान्ह्या पोळ्याचा, पोरं लाकडाचा मिरवतात तो. माझ्याकडे लाकडी बैल नव्हता, मातीचा केला तर तो उकलून पडला. आपली काळी माती वाळली की भेगाळते, मूर्तीला कुंभाराकडची माती पाहिजे. तेव्हा शेजारच्या पोरानं आपला बैल आणून दिला. चाकं असलेला, शिंगांना बेगड लावलेला, गळ्यात घुंगरू. फुकट नाही हं. "करंज्या देसान तं बैल देतो." पाच करंज्यांवर सौदा झाला. तो पोरगा आता पुण्यात नोकरीला आहे, पण दर डिसेंबरात त्याची आई बैल आणून ठेवते आणि करंज्या मोजून घेते. पाचच. बेथलेहेमच्या गोठ्यात चाकांचा बैल कसा, असं एका पाहुण्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, लांबून आलाय.

भेटीचं एकच सांगायचं राहिलं. दिवाळीत तुमच्या घरून आमच्याकडे ताट येतं. चकली, शेव, अनारसे. ते ताट आम्ही रिकामं परत करत नाही, ही रीत तुम्हीही पाळता. आमच्याकडे ती ताटं ओळीनं मांडून ठेवलेली असतात, आणि नाताळाला भरून ज्याची त्याला जातात. तुमच्याच पितळी ताटात आमचा केक. वर विणलेला रुमाल, त्यावर सालीची एक चिमणी, आणि कधी कधी कॅलेंडरच्या कागदाच्या पुडीत वालाचं, दोडक्याचं बी. बी दिलेलं लोक विसरत नाहीत. जूनमध्ये पेरतात, श्रावणात वेल मांडवावर गेला की आपल्याला दोडके परत येतात. आणि त्या दोडक्याबरोबर भांडंही येतं, ते पुन्हा भरून द्यावं लागतं. माझ्या ओट्यावर आत्ता तीन परकी भांडी आहेत, कुणाची ते आठवत नाही. इथे कोणी ओळखली तर घेऊन जा, पण उद्या. आज ती रिकामी आहेत.

बस, बोलणं पुष्कळ झालं. त्या कोपऱ्यात सालून ठेवलेल्या कामट्या आहेत, दहा-दहाच्या जुड्या बांधल्यात, दोन घरांत एक जुडी घ्या. मोजपट्ट्या कमी आहेत, आधी खुणा करून घ्या आणि पुढे द्या. खळ गरम आहे, लेकरांनो, हात घालू नका. पहिली चांदणी मी मांडून दाखवते, इकडे सरका. आणि दादा, ही पऱ्हाटी परत नेऊन बांधावर टाकाल तर पाहा.