एका इंचाची केबिन

(दृश्य: गाळ्याचं अर्धवट उघडं शटर. चेनपुलीला लटकलेली निळी केबिन, हलकेच फिरते आहे.)

कोल्हापूरचं उद्यमनगर. या गाळ्यात तीन दिवस एक केबिन अधांतरी आहे, आणि तिच्या खाली ठेवलेली चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, तिची नाही.

केबिन शेव्हरोले पिकअपची. साल कुठे लिहिलेलं नाही, पण दाराकडे बघा. काचेच्या पुढची ही तिकोनी खिडकी 1951 मध्ये आली. मूठ मात्र अजून खाली वळवायची आहे. बटणाची मूठ आली 1952 ला. झालं, साल सापडलं. चासी पाच वर्षांनी थोरली, 1946 ची. कंपनी तीच, पण 1947 च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेने सगळा साचाच बदलला. केबिन ऐसपैस झाली आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 115 इंचांचं 116 झालं.

भांडण आहे ते या एका इंचाचं.

(दृश्य: सुतळी, खडूच्या खुणा, मिस्त्रींचे हात.)

मिस्त्री आधी केबिनकडे बघतही नाहीत. चासी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, पाणसळीत. मग सुतळीने कर्ण: पुढचा डावा कोपरा ते मागचा उजवा, आणि उलट. दोन मापांत फरक आला तर चासी पिळलेली. सहा सिलिंडरचं इंजिन आधीच चढवलंय, कारण वजनाशिवाय घेतलेलं माप नंतर खोटं पडतं.

मग तो इंच कुठे जिरवायचा? मडगार्डच्या कमानीत चाक मधोमध दिसायला हवं. तिथे चुकलं तर रस्त्यावरचं पोरही बोट दाखवेल. म्हणून मडगार्ड आणि केबिन पुढच्या चाकावरून ठरतात, आणि मागचा मालाचा हौदा केबिनला इंचभर जवळ सरकतो. मागे कोण पट्टी लावतंय!

(दृश्य: ग्राइंडरच्या ठिणग्या.)

क्लच आणि ब्रेकची पेडलं या गाड्यांत फरशीतून वर येतात. चासीवरची पेडलं एकीकडे, केबिनची भोकं दुसरीकडे. पत्रा कापला, नवी भोकं पाडली, जुनी बुजवली. स्टेअरिंगच्या दांड्यालाही तेच.

ब्रॅकेट जाड पत्र्याचे, इथेच घडवलेले. नीट बघा, चासीच्या वरच्या-खालच्या कडेला वेल्डिंगचा एक टिपकाही नाही. सगळे बोल्ट दोन कडांमधल्या उभ्या पोटातून. रिव्हेटची चासी खड्ड्यात पिळवटते आणि सगळ्यात जास्त ताण कडेवर येतो. तिथे वेल्डिंग केलं की तिथूनच चीर जाते. केबिनच्या मागच्या टोकाला कंपनीने हलती कडी दिली होती, चासीचा पीळ केबिनपर्यंत पोचू नये म्हणून. मिस्त्रींनी ती घासून, ग्रीस भरून तशीच लावली. नवीन कारागीर पहिल्यांदा हीच कापून टाकतात.

(दृश्य: रस्त्यावरून जाणारा, नुसती चासी असलेला ट्रक. चालक उघड्यावर, डोक्याला फडकं.)

काही शौकीन अशा गाडीला भेसळ म्हणतात. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सची जुळणी 1928 मध्ये सुरू झाली आणि 1954 पर्यंत चालली. मालवाहू गाडीची चासी कारखान्यातून निघायची, आणि लाकडाची बॉडी चढवायचे आपले सुतार-लोहार. भेसळच म्हणायची, तर ती तेव्हापासूनची आहे.

विंटेज नोंदणीच्या 2021 च्या नियमांना चासी-बॉडीत मोठा बदल चालत नाही, म्हणजे ‘व्हीए’ मालिकेचा नंबर हिला मिळणार नाही; आरटीओचं पुढचं मालक बघतील.

(दृश्य: केबिन खाली येते. निवेदन नाही. फक्त साखळीचा आवाज.)

बोल्ट आधी बोटांनी. पाना नंतर.

दाराच्या फटीत कागदाची पट्टी. वरून ओढली, सुळकन आली. खालून अडकली. डाव्या मागच्या रबराखाली एक पातळ पत्री सरकवली.

पुन्हा कागद.

(दार लागल्याचा आवाज.)